इमारतीची बाहेरची भिंत आणि आग : प्रस्तावना

निवासी इमारतीची बाहेरची भिंत बदलायची म्हटले की बोलणे गळतीचे, रंगाचे आणि खर्चाचे होते. आगीचा विषय मागे पडतो. इंग्लंडमध्ये तो आज अग्रभागी आहे, कारण लंडनचा ग्रेनफेल टॉवर. वाचकांनी तिथल्या इमारत नियमावलीकडे वळण्याआधी ही इमारत समजून घ्यावी.

१९७४ साली बांधून झालेली ही २४ मजली इमारत मूळची काँक्रीटची. घरे उबदार राहावीत, इमारत देखणी दिसावी म्हणून २०१६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात तिच्यावर उष्णतारोधक थर आणि पत्र्यांचे आवरण चढले. पत्रा अवघा चार मिलिमीटर जाडीचा: बाहेरून दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर ॲल्युमिनियम आणि मधला तीन मिलिमीटरचा गाभा पॉलिएथिलीनचा, म्हणजे सहज पेटणाऱ्या प्लास्टिकचा. १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातली आग खिडकीच्या चौकटीलगत या आवरणात शिरली आणि साधारण अर्ध्या तासात माथ्याला भिडली. ७२ माणसे दगावली.

बाह्य भिंतींनी आगीच्या फैलावाला पुरेसा विरोध केला पाहिजे, हे कलम इंग्लंडच्या इमारत नियमावलीत तेव्हाही अस्तित्वात होते. ते पाळले गेले नव्हते, असे या आगीची चौकशी करणारे निवृत्त न्यायाधीश मार्टिन मूर-बिक यांनी २०१९ च्या अहवालात नोंदवले. डिसेंबर २०१८ मध्ये ज्वलनशील साहित्यावर बंदी आली: ज्या निवासी इमारतीचा एखादा मजला जमिनीपासून १८ मीटर किंवा अधिक उंचीवर आहे, तिच्या बाह्य भिंतीत मोजके अपवाद वगळता ए१ किंवा ए२-एस१, डी० या वर्गाचेच, म्हणजे न पेटणारे किंवा जवळजवळ न पेटणारे, साहित्य चालते. जुन्या इमारतीतील बदलांनाही ही बंदी लागू होते; बाल्कन्याही त्यात येतात. मला मात्र त्याहून जुने एक तत्त्व या साऱ्याचा गाभा वाटते: बदलानंतर इमारत आधीपेक्षा असुरक्षित होता कामा नये.

नवख्या वाचकाने कलमांच्या गर्दीला बिचकू नये. खिडकीच्या कडेचा छेदनकाशा समोर घ्या आणि आतून बाहेर एकेक थर ओळखत जा. थरांमधल्या पोकळीत आग अडवणारे अडसर कुठे आहेत, ते पाहा. पोकळी मोकळी असेल, तर ज्वाळा तिथून न दिसता वर चढतात. निम्मे नियम इथेच उलगडतात.

ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचे असे पत्रे मुंबई-पुण्यातही सर्रास दिसतात. तुमच्या सोसायटीच्या सभेत दर्शनी भागाचा ठराव आला, तर रंगाच्या नमुन्यांबरोबर पत्र्याच्या गाभ्याचा अग्निचाचणी अहवालही मागा.