ग्रामण्याची वसुली

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानासाठी जमली आणि नंतर त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, तर कुणी यजमानांचा मान राखायला पेला नुसता ओठाला लावून खाली ठेवला. रानडे, टिळक, गोखले त्यात होते. हा बेत जमवणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. पुढे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आली तीही त्यांच्याच करणीने. सुधारकांची फजिती आणि सनातन्यांची चिडचिड, दोन्ही एका दगडात साधण्याची हौस त्यांना असावी. ख्रिस्त्यांकडचा चहा घेतल्याचं हे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. बोलके सुधारक ऐनवेळी कसे कच खातात याचा दाखला म्हणून हा प्रसंग आजवर सांगितला जातो. मला तो दाखला अपुरा वाटतो. ग्रामण्याचा, म्हणजे जातीने घातलेल्या बहिष्काराचा, दाब नेमका कुणावर पडत होता हे पाहिल्याशिवाय कोण टिकलं आणि कोण वाकलं याचा निवाडा होऊ शकत नाही.

पेशवाईत ग्रामण्यामागे सरकार उभं असे. इंग्रजी अमलात तो आधार सुटला, पण अर्धाच. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनने कोर्टांना जातीच्या तंट्यांपासून दूर ठेवलं, तर १८५० च्या कायद्याने जातीबाहेर टाकलेल्याचा वारसाहक्क शाबूत राखला. म्हणजे वाळीत पडलेल्याचं घर आणि शेत सुरक्षित होतं. रानडे तर सरकारी न्यायाधीश. त्यांच्या पगाराला धर्मपीठाचा हात लागणं शक्यच नव्हतं. हात पोचत होता तो दुसरीकडे. वडिलांच्या श्राद्धाला भटजी मिळत नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, सासरचे लेकीला माहेरी धाडायला कां-कू करतात, धाकटीचं ठरत आलेलं स्थळ मोडतं. यातलं जवळजवळ काहीच सभेत भाषण करणाऱ्या पुरुषाच्या दिवसाला फारसं शिवत नाही. ते त्याच्या आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या दिवसाला शिवतं. दंड मत मांडणाऱ्याच्या नावावर लिहिला जाई आणि वसुली घरच्यांकडून होई. माणसाचं मत बदलायची ग्रामण्याला गरजच नव्हती. त्याच्या मताची किंमत इतरांना मोजायला लावली की काम भागत होतं.

रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं ते मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून, असं त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या १९१० साली निघालेल्या आठवणींतून दिसतं. रमाबाईंना स्वतःला मात्र ते रुचलं नव्हतं. टिळकांची तऱ्हा निराळी. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलेलं आहे, असं सांगून त्यांनी शास्त्राचा मुद्दा शास्त्रानेच मिटवू पाहिला. यावर रोकडा आक्षेप असा की नातीगोती कुणाला नसतात? मग प्रत्येक माघारीला माफीच द्यायची का? आक्षेपात दम आहे, आणि रानड्यांचा पूर्वेतिहासही त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर विधवाविवाहाचे हे पुरस्कर्ते वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तेव्हा वडील, नंतर मित्र. दुसऱ्यांच्या दुःखाची कदर खरी होती हे मान्य केलं, तरी त्या अकरा वर्षांच्या मुलीचा विचार कुणी केला, हे विचारावंच लागतं.

पण दुसरी वाट होती, हे धोंडो केशव कर्व्यांनी दाखवलं. मार्च १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, म्हणजे एका मित्राच्या विधवा बहिणीशी, विवाह केला. कर्व्यांच्या गावाने, मुरूडने, बहिष्कार घातला. कर्वे गावी येऊन घरात राहिले तर आई-भावांनाही वाळीत टाकायचं ठरलं. कर्व्यांनी विवाह मागे घेतला नाही, गावाशी भांडणही उकरलं नाही. घरच्यांवर गदा येऊ नये म्हणून ते स्वतःच घरापासून दूर राहिले. आईला मुलगा दुरावलाच, तेव्हा ही वाट फुकटची होती असं कुणी म्हणू नये. फरक एवढाच की वसुलीचा शक्य तितका वाटा त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आपल्याकडे ओढून घेतला. फर्ग्युसनमधली नोकरी हाताशी होती म्हणून ते जमलं हेही खरं; गावातच राबून खाणाऱ्याला, पाणवठा आणि बलुतेदार दोन्ही तुटल्यावर, असं दूर राहणं कुठून परवडणार?

त्या माणसासाठी कायदा यायला फार वेळ लागला. बहिष्काराविरुद्धचा मुंबईचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरवला. महाराष्ट्राचा नवा कायदा २०१६ चा आणि अमलात आला तो २०१७ साली. गुन्हा म्हणून त्यात ज्या गोष्टी मोजल्या आहेत त्यांत लग्नाला येऊ न देणं आहे, आणि अंत्यविधीला आडकाठी करणंही आहे.