मालदीवमधील सागरी पर्यटन आणि बेटांची विभागणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
उष्ण कटिबंधातील समुद्रकिनारी सुट्टी घालविणे आणि होडीने आसपासच्या बेटांची सफर करणे, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जागतिक पर्यटनाचा एक प्रमुख प्रकार बनला. हिंदी महासागरातील मालदीव हे त्याचे ठळक उदाहरण होय. सुमारे १,२०० प्रवाळ बेटांच्या या देशात दोनशेहून कमी बेटांवर लोकवस्ती आहे. त्यामुळे पर्यटकांची बेटे आणि नागरिकांची बेटे वेगळी ठेवणे शक्य झाले. ही विभागणी भूगोलाचे किंवा धर्माचे स्वाभाविक फलित आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः ती शासकीय धोरणातून घडली आणि धोरणानेच पुढे शिथिल झाली, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पर्यटनपूर्व मालदीव :
मालदीवची दिवेही ही भाषा मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य भाषाकुळातील आहे. चौदाव्या शतकात येथे काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने येथील कवड्या, काथ्या आणि मासळी यांच्या व्यापाराची नोंद केली आहे. नारळाच्या लाकडापासून बांधलेली ‘धोनी’ ही होडी मासेमारी, व्यापार आणि दळणवळण या सर्वांचा आधार होती. १९६५ मध्ये ब्रिटिश संरक्षणातून देश स्वतंत्र झाला व १९६८ मध्ये प्रजासत्ताक बनला. सुकविलेला टूना मासा ही त्याची मुख्य निर्यात आणि श्रीलंका ही मुख्य बाजारपेठ होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी श्रीलंकेने आयातीवर निर्बंध आणल्याने या एकमेव आधारास तडा गेला. पर्यटनाचा प्रवेश नेमका याच काळात झाला, ही बाब महत्त्वाची आहे.

पर्यटनाचा प्रारंभ :
इटालियन प्रवास-व्यावसायिक जॉर्ज कॉर्बिन यांनी १९७२ च्या प्रारंभी काही मालदीवी तरुणांच्या साहाय्याने पर्यटकांचा पहिला गट आणला. हॉटेल नसल्याने या पाहुण्यांची व्यवस्था राजधानी मालेतील घरांतच करावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विहामनाफुशी या निर्जन बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिले विश्रामस्थान तीस खोल्यांसह सुरू झाले. त्या वर्षी सुमारे एक हजार पर्यटक आले. या आरंभकाळात अल्प खर्चात फिरणारे काही प्रवासी वस्तीच्या बेटांवर, स्थानिकांच्या घरीही राहत असत. म्हणजेच पाहुणा आणि यजमान यांचे एकत्र राहणे मालदीवला अपरिचित नव्हते.

विभागणीचे धोरण :
१९७९ च्या पर्यटनविषयक कायद्याने निर्जन बेटे भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत नियमबद्ध केली आणि ‘एक बेट, एक विश्रामस्थान’ ही रचना रूढ झाली. बांधकामाचे क्षेत्र व इमारतींची उंची यांवर मर्यादा आल्या. १९८० च्या दशकात वस्तीच्या बेटांवर परदेशी पर्यटकांच्या मुक्कामास बंदी घालण्यात आली. नागरिकांना मद्य निषिद्ध, तर विश्रामस्थानांत पर्यटकांना ते उपलब्ध, असे दुहेरी नियम त्यामुळे शक्य झाले.

या धोरणाने इस्लामी समाजजीवनास संरक्षण दिले आणि अनिर्बंध बांधकामास आळा घातला, हे मान्य करावे लागते. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्यांच्या घरात पूर्वी पाहुणा उतरत असे, त्यांच्याकडून यजमानपण काढून घेतले गेले. पर्यटक होडीने वस्तीच्या बेटावर येई, मशीद व गल्ल्या पाही, स्मरणवस्तू घेई आणि काही तासांत परत जाई. रहिवाशांच्या वाट्याला तेवढी विक्री, अथवा कुटुंबापासून दूर राहून करावयाची नोकरी येई. भाडेपट्टा मात्र भांडवल व राजधानीशी संबंध असणाऱ्यांच्याच आवाक्यात होता.

निसर्गाचे आघात :
१९९८ मध्ये सागरजलाचे तापमान वाढून उथळ पाण्यातील बहुतांश प्रवाळ पांढरे पडून मृत झाले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक मूल्याची हानी झाल्याचा अंदाज करण्यात आला. बेटांची विभागणी कागदोपत्री कितीही काटेकोर असली, तरी ज्या प्रवाळाच्या कड्यांवर दोन्ही प्रकारची बेटे उभी आहेत ती एकच आहेत, हे या घटनांनी दाखवून दिले.

२००९ नंतरचे परिवर्तन :
२००८ च्या पहिल्या बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणुकीनंतर मोहम्मद नशीद यांचे शासन आले. या शासनाच्या काळात वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांस परवानगी मिळाली. माफुशी हे बेट या बदलाचे प्रातिनिधिक उदाहरण ठरले. तेथील रहिवासी खोल्या भाड्याने देऊ लागले आणि आसपासच्या बेटांच्या सफरी स्वतःच्या होड्यांतून घडवू लागले. तथापि, अशा बेटांवर पर्यटकांच्या स्नानासाठी किनाऱ्याचा वेगळा भाग आडोसा करून राखला गेला. जी सीमारेषा पूर्वी दोन बेटांच्या मधल्या समुद्रात होती, ती आता एकाच बेटाच्या वाळूवर आली. शिवाय पाणी, कचरा आणि मर्यादित जमीन यांवरील ताण वाढला. २०२४ मध्ये पर्यटकसंख्येने वीस लाखांचा टप्पा ओलांडला.

निष्कर्ष :
मालदीवमधील बेटांची विभागणी ही परंपरा नसून सुमारे तीन दशके राबविलेले धोरण होते. त्याने संस्कृतीचे रक्षण केले, परंतु सामान्य रहिवाशास आपल्याच देशातील मुख्य व्यवसायात केवळ नोकर किंवा विक्रेता ठरविले. २००९ नंतरच्या बदलाने त्याला यजमानपण परत मिळाले, मात्र त्याबरोबर बेटाच्या ऱ्हासाचा धोकाही त्याच्याच दारी आला. म्हणून सागरी पर्यटनाच्या इतिहासाचे मूल्यमापन केवळ पर्यटकांच्या संख्येवरून व परकीय चलनावरून करणे अपुरे आहे. होडी कोणाची, किनारा कोणाचा आणि झालेली हानी कोण सोसतो, हे प्रश्नही त्या मूल्यमापनाचा भाग असले पाहिजेत.