उत्तरेचा उजेड : गिरणीचे छप्पर, छायाचित्रकाराची काचखोली आणि मुंबईतील फॅशन-छायाचित्रण

मुंबईच्या औद्योगिक वास्तूंचा अभ्यास आजवर भांडवल, यंत्रे आणि कामगार या तीन अंगांनी पुष्कळ झाला आहे. त्या वास्तूंत उजेड कोठून व कसा येत असे, हा प्रश्न मात्र बहुधा वास्तुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपुरताच राहिला. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे. ज्या प्रकारच्या उजेडात एकोणिसाव्या शतकातील विणकर कापड विणत होता, त्याच प्रकारच्या उजेडात त्याच शहरातील छायाचित्रकार धनिकांची व्यक्तिचित्रे टिपत होता. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या अंधाऱ्या, ओसाड खात्यांत फॅशनच्या छायाचित्रणासाठी दिवे नेण्यात आले, तेव्हा कापड आणि कॅमेरा एका छपराखाली आले. अशा अंधुक जागी व्यक्तीवर प्रकाश टाकताना त्या जागेचा स्वतःचा उजेड ठेवायचा की पुसायचा, हा निर्णय केवळ तांत्रिक नाही. त्यामागे दीडशे वर्षांची परंपरा आहे. प्रस्तुत निबंधात तिचा मागोवा घेतला आहे.

गिरणी आणि काच

साष्टी बेटावरील कुर्ला हे गाव १८०५ मध्ये शीवकडून बांधलेल्या रस्त्याने मुंबई बेटाशी जोडले गेले आणि १८५३ मध्ये ठाण्याला जाणारी पहिली आगगाडी त्याच्या हद्दीतून धावली. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी येथील डबघाईला आलेली धरमसी मिल साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली व तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. वंगभंगाच्या चळवळीला तेव्हा जवळजवळ वीस वर्षांचा अवधी होता. बारीक सूत व तलम कापड काढून लँकेशायरशी स्पर्धा करण्याचा टाटांचा मनोदय होता. जुनाट यंत्रांमुळे पहिली वर्षे अतिशय कष्टाची गेली.

तलम कापडाला चांगला उजेड लागतो. साच्यावर एखादा ताणा तुटला आणि तो वेळीच दिसला नाही, तर वारभर कापड वाया जाते. म्हणून सूतकताईची खाती मजल्यांवर असली, तरी साचाखाते सामान्यतः एकमजली ठेवत आणि त्यावर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर घालीत. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती व बंद, तर दुसरी जवळजवळ उभी आणि काचेची असे. ही काचेची बाजू उत्तरेकडे ठेवण्याचा प्रघात इंग्लंडमधून आला. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा पसरलेला उजेड. त्यात सावल्या कडक पडत नाहीत आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याची दिशा फारशी बदलत नाही.

मुंबईत मात्र या नियमाला एक अपवाद आहे. हे शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. लँकेशायरमध्ये मध्यान्हीचे ऊन वर्षातून एकदाही त्या काचेला लागत नाही, येथे ते काही आठवडे तिला घासून जाते. यांपैकी बराच काळ पावसाळी ढगांखाली जातो, म्हणून परक्या हवामानासाठी आखलेले हे छप्पर मुंबईत निभावून गेले.

व्यक्ती आत, शहर बाहेर

छायाचित्रकाराची गरज विणकराच्या गरजेहून फार वेगळी नव्हती. मुंबईत १८५४ मध्ये ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्याशी संबंधित होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे तेथे शिकलेले. स्वतःचा व्यावसायिक स्टुडिओ चालवणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये त्यांची गणना होते. त्या काळच्या कोलोडियनच्या ओल्या काचांना काही सेकंदांचा उजेड द्यावा लागे. इतका वेळ मान स्थिर राहावी म्हणून बसणाऱ्याच्या पाठीमागे लोखंडी टेकू लावीत. घरातील सामान्य उजेड या कामाला पुरत नसे, आणि भर उन्हात डोळे मिटत व डोळ्यांखाली काळे खड्डे पडत. तेव्हा शक्य असेल तेथे वरच्या मजल्यावर काचेची खोली बांधावी, काच उत्तरेकडे ठेवावी, पडद्यांनी उजेड एका अंगाने कमी करावा आणि दुसऱ्या अंगाला पांढरे कापड धरून सावली उजळावी, अशी रीत जगभर रूढ झाली. आज सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री लावून जे साधले जाते ते याहून तत्त्वतः निराळे नाही. उजेडाचा उगम जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावलीची कड मऊ. या दृष्टीने साचाखात्याचे अख्खे छप्परच एक प्रचंड मऊ दिवा होते.

परंतु काचखोलीमुळे एक दुरावा निर्माण झाला. व्यक्ती आत राहिली आणि शहर बाहेर. मुंबईत कार्यरत असलेल्या विल्यम जॉन्सनच्या ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ (१८६३ व १८६६) या दोन खंडांत हा दुरावा उघड दिसतो. माणसांची चित्रे नियंत्रित उजेडात स्वतंत्र घ्यायची आणि छापताना त्यांच्यामागे मुंबई परिसरातील देखावे जोडायचे, अशी त्यांतील अनेक चित्रांची घडण आहे. चेहऱ्यावरचा उजेड एका दिशेचा, मागच्या देखाव्यातील उजेड दुसऱ्या दिशेचा. या चित्रांकडे वसाहतकालीन वर्गीकरणाचा नमुना म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि एक तांत्रिक अडचणही त्यांत नोंदली गेली आहे : माणूस आणि त्याचा परिसर एकाच उजेडात एकाच वेळी टिपणे त्या साधनांनी फार अवघड होते.

दुसरी अडचण वर्णाची होती. कोलोडियनला निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा व पिवळा जवळजवळ नाही. परिणामी आकाश कोरे पांढरे येई आणि गव्हाळ किंवा सावळी त्वचा प्रत्यक्षाहून पुष्कळ काळी उमटे. पावडर लावणे, निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहरा उजळणे, छापील चित्रावर रंग चढवणे हे सारे उपाय येथूनच रूढ होत गेले. गोऱ्या रंगाची हाव हे त्याचे एकमेव कारण मानणे अपुरे ठरेल, कारण रसायनच मुळात पक्षपाती होते. हा पक्षपात रंगीत फिल्मच्या काळातही संपला नाही. रंगसंगती जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जी नमुनापत्रे पुरवीत असे, त्यांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे एकत्र असलेले पत्र १९९० च्या दशकात आले. सावळ्या चेहऱ्यावर अधिक दिवे ओतण्याची मुंबईतील स्टुडिओंची सवय या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. सावळ्या त्वचेला उजेडाच्या परिमाणापेक्षा त्याच्या परावर्तनाची गरज असते. बाजूने धरलेला मोठा, मऊ उजेड गालावर नुसती चमक ठेवून जातो व रंगाला हात लावत नाही. जुन्या काचखोलीत हे आपोआप घडू शकत असे, पण समोरून टाकलेल्या झगझगीत दिव्याने ते नाहीसे झाले.

विजेचा उजेड

मुंबईत १९०५ पासून कंपनीमार्फत वीजपुरवठा होऊ लागला आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत आली. तरीही चित्रणासाठी वीज लगेच वापरात आली असे नाही. दादासाहेब फाळके हे मूळचे छायाचित्रकार. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) त्यांनी दादरला सूर्यप्रकाशातच चित्रित केला. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये कृत्रिम दिव्यांचा वापर केला, हा मराठी चित्रपटाच्या इतिहासातील सुपरिचित टप्पा आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९३० च्या दशकात जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंग यांनी एका बाजूने येणारा उजेड आणि गडद सावली यांची जी शैली आणली, तिचा परिणाम ‘महल’ (१९४९) मध्ये ठळकपणे दिसतो.

उपनगरातील स्टुडिओंच्या या परंपरेतील एक उदाहरण येथे विशेष महत्त्वाचे आहे. ‘कागज़ के फूल’ (१९५९) मधील छपरातून तिरपा उतरणारा उजेडाचा झोत व्ही. के. मूर्ती यांनी दिव्यांनी साधलेला नाही. त्यांनी स्टुडिओबाहेरचे ऊन मोठ्या आरशांच्या साहाय्याने आत आणले. अंधाऱ्या वास्तूला बाहेरचाच उजेड वळवून देण्याची ही युक्ती महाग नव्हती. थर्मोकोलचा पत्रा किंवा चंदेरी कागद डकवलेली फळी घेऊन कुर्ल्यासारख्या दाट वस्तीतील बोळात आजही छायाचित्रकाराचा साहाय्यक हेच करतो. अशा बोळात उजेड फक्त डोक्यावरच्या आकाशाच्या पट्टीतून येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहतात. बोळाच्या तोंडाशी उन्हात धरलेली फळी तो उजेड छातीच्या उंचीवरून आत फेकते.

फॅशन-छायाचित्रण स्वतंत्र व्यवसाय म्हणून मुंबईत रुजले ते जाहिरातसंस्था आणि इंग्रजी नियतकालिकांच्या आश्रयाने. ‘फेमिना’ १९५९ मध्ये निघाले. मराठी नावांत अग्रगण्य गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११). रसायनशास्त्राचे विद्यार्थी असलेले राजाध्यक्ष १९७४ मध्ये लिंटास या जाहिरातसंस्थेत गेले आणि १९८७ पासून पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळले. ‘फेसेस’ (१९९७) व मराठीतील ‘चेहरे’ ही त्यांची ग्रंथसंपदा. या ग्रंथनामांतच त्यांची दृष्टी आहे : उजेड चेहऱ्यासाठी, बाकी सारे गौण. दुर्गा खोटे यांच्यासारख्या वृद्ध अभिनेत्रींची त्यांनी घेतलेली चित्रे या शैलीची उत्तम फलिते होत. परिसर मात्र त्यांत बहुधा विरून जातो. काचखोलीची परंपरा त्यांच्यापर्यंत अखंड पोहोचली असे म्हणता येईल.

ओसाड खात्यातील दिवे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत. कुलाब्याची मुकेश मिल त्याच वर्षी आगीनंतर कायमची बंद झाली. तिच्या पडक्या भिंती चित्रपट, जाहिराती आणि फॅशन यांचे नेहमीचे स्थळ बनल्या. ‘हम’ (१९९१) मधील गाजलेले गाणे तेथेच चित्रित झाले. भग्न वास्तूत नवे कपडे ही कल्पना मुंबईची नाही. लंडनवर बॉम्ब पडत असताना १९४१ मध्ये सेसिल बीटनने उद्ध्वस्त इमारतीच्या ढिगाऱ्यासमोर सुटातील प्रतिमान उभी करून ‘व्होग’साठी छायाचित्र घेतले होते. तेथे ढिगारा शत्रूने केला होता आणि चित्र धीराचे होते. मुंबईत वास्तू ओस पडली ती वेगळ्या कारणांनी, आणि चित्रात ते कारण क्वचितच दिसते.

ते दिसावे की नाही, हे प्रत्यक्षात शटर ठरवते. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात संपतो. शटर त्याहून अधिक वेळ उघडे असले तरी फ्लॅशने मिळणारा उजेड वाढत नाही. छतातील फटीतून येणारा मंद उजेड मात्र शटर जितका वेळ उघडे तितका साठत जातो. १/२०० सेकंदाला छायाचित्र घेतले, तर प्रतिमान उजळते आणि खाते काळोखात बुडते. तेच १/१५ ला घेतले, तर चेहरा फ्लॅशमुळे स्थिर राहतो आणि मागच्या भिंतीवरचा ओला गिलावा, गंजलेले खांब, यंत्रे उचकटल्यावर जमिनीत उरलेले बोल्ट हळूहळू उमटतात. दिव्याच्या अंतराचेही तसेच आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंतीपासून चार मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक षोडशांश उजेड मिळतो. दिवा मागे घेतला की ही तफावत कमी होते, परंतु सावल्या कडक होतात. जागा राखायची असेल तर उत्तम मार्ग म्हणजे दिवा लहान ठेवणे, छतातील उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेने तो लावणे आणि फक्त चेहऱ्यापुरती भर घालणे. उत्तरेकडची काच शाबूत असेल तेथे तेवढ्याचीही गरज पडत नाही. साच्यावरचा तुटका धागा दाखवण्यासाठी आखलेला उजेड रेशमाची घडी तितक्याच स्पष्टपणे दाखवतो.

रात्रीच्या चित्रणाचा प्रश्न निराळा. सोडियमच्या पिवळ्या पथदिव्यांखाली निळे कापड काळवंडते आणि लाल विटकरी होते, म्हणून फ्लॅशवर नारिंगी कागद बांधून दोन्ही उजेड एका रंगात आणण्याची पद्धत पडली. २०१५ च्या सुमारास मरीन ड्राइव्हवर पिवळ्या दिव्यांऐवजी पांढरे एलईडी दिवे लागले, तेव्हा त्यावर जाहीर वाद झाला. छायाचित्रकारांपुरते पाहता, त्या बदलाने कापडाचा रंग खरा दिसू लागला आणि रात्रीची ओळखीची मुंबई चित्रातून निघून गेली.

कुर्ल्याला २०११ मध्ये लालबहादूर शास्त्री मार्गावर फिनिक्स मार्केटसिटी हे प्रचंड विक्रीसंकुल उघडले. तयार कपड्यांची दालने आणि भिंतभर उंचीची फॅशनची छायाचित्रे तेथे दिवसभर विजेच्या दिव्यांत उजळलेली असतात. अशा छायाचित्रांसोबत नियतकालिकांत जी श्रेयनामावली येते तीत वस्त्ररचनाकार, केशरचनाकार व रंगभूषाकार यांची नावे असतात, कपड्यांची किंमतही असते. स्थळाच्या जागी बहुधा ‘जुनी गिरणी’ एवढाच उल्लेख असतो. ती कोणाची होती, तेथे कोणते कापड निघत असे आणि ती कोणत्या वर्षी बंद पडली, हे शोधण्याचे काम संशोधकाकडे राहते. त्यासाठी चित्राच्या कडेला, दिव्याच्या कक्षेबाहेर, काय उमटले आहे तेही त्याला पाहावे लागते.