यादीत नाव लावण्याची किंमत

मतदाराला धमकावणं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे केंद्राच्या दारात काठी घेऊन उभा राहिलेला माणूस येतो. आज आम्ही अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली हकीकत सांगणार आहोत. तिथे धमकी केंद्राच्या कितीतरी आधी, कामावर आणि घरातच गाठायची.

फॅनी लू हेमर ही तिथली काळी शेतमजूर बाई. वीस भावंडांत शेवटची, लहानपणापासून कापूस वेचलेली. आपल्यालाही मत देता येतं, हे तिला 44व्या वर्षी एका सभेत कळलं. 31 ऑगस्ट 1962 रोजी ती आणखी 17 जणांबरोबर बसने इंडियानोलाच्या कचेरीत नाव नोंदवायला गेली.

कारकुनाने राज्यघटनेतलं एक कलम पुढे केलं. ते उतरवून काढायचं आणि अर्थ लिहायचा. शिकलेला काळा माणूसही त्यात नापास व्हायचा, कारण उत्तर बरोबर की चूक हे तो गोरा कारकूनच ठरवायचा. फॅनी लूही नापास झाली. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग चुकीचा आहे म्हणून दंड केला. मळ्याचा मालक म्हणाला, अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. जिथे 18 वर्षं राबली, तो मळा तिने त्याच रात्री सोडला. दहा दिवसांनी, तिला आसरा देणाऱ्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या.

जानेवारी 1963 मध्ये ती परीक्षा पास झाली. त्याच जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात तिला इतकं मारलं, की दुखणं जन्मभर राहिलं. पोलिसांवर खटला चालला, पण ते निर्दोष सुटले.

तरी ती गप्प बसली नाही. ऑगस्ट 1964 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे तिने सगळं तारीखवार सांगितलं. टीव्हीवर ते देशाने ऐकलं. 6 ऑगस्ट 1965 रोजी मतदान हक्क कायदा झाला. अशा राज्यांतली ती परीक्षा थांबली. मतदाराला आणि त्याला मदत करणाऱ्यालाही धमकावणं बेकायदा ठरलं. मिसिसिपीत 1964 साली शंभर काळ्या प्रौढांमागे सात नावंही यादीत नव्हती. 1967 पर्यंत ती साठाच्या घरात गेली.

फॅनी लू कोर्टातही गेली. सनफ्लॉवर गावात काळ्या लोकांची नोंदणी वेळेत होऊ न देता 1965 मध्ये निवडणूक उरकली होती. अपील कोर्टाने 1966 मध्ये ती रद्द ठरवली. 1967 मध्ये पुन्हा मतदान झालं. त्यात काळे उमेदवार हरले, पण यावेळी मतं सगळ्यांची होती.

भांडण तिथे संपलं नाही. ज्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागायची, ती राज्यं ठरवणारं कलम सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये रद्द केलं. 2020 मध्ये काळ्या मतदारांना फोन आले, की टपालाने मत दिलं तर तुमची माहिती पोलिसांकडे आणि कर्जवसुलीवाल्यांकडे जाईल. न्यूयॉर्कच्या कोर्टाने 2023 मध्ये ठरवलं, की हेही धमकावणंच आहे. आधार होता तोच 1965 चा कायदा.

म्हणून बायांनो, काम जाईल, घर जाईल, कर्जवाले येतील, असं सांगून कुणी मतापासून अडवलं, तर तीही धमकीच समजा. कोण, कुठे, कोणत्या तारखेला काय बोललं, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. फॅनी लूने समितीपुढे तेच सांगितलं होतं.