हेपारिन: रक्ताच्या गुठळीपासून धावणाऱ्याच्या दम्यापर्यंत

थंडीत पहाटे सेमिनरी हिल्सच्या चढावर धावून थांबल्यावर तुमची छाती आवळते का? खोकला, घरघर सुरू होते का? हा व्यायामाने उफाळणारा दमा असू शकतो. भराभर घेतलेल्या थंड, कोरड्या श्वासाने श्वासनलिकांचा ओलावा उडतो. तेथील मास्ट पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात आणि नळ्या आकसतात.

याच मास्ट पेशींमध्ये हेपारिनही असते. होय, हृदयरोग्यांना रक्त पातळ करण्यासाठी देतात तेच! खरे तर त्याने रक्त पातळ होत नाही. गुठळी होणे लांबते.

१९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. हाती आला तो नेमका उलट गुणाचा. त्याचे मार्गदर्शक विल्यम हॉवेल यांनी १९१८ मध्ये पुढील कामात यकृताच्या ग्रीक नावावरून 'हेपारिन' हे नाव रूढ केले. १९३७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हेपारिनचे घर मास्ट पेशीत असल्याचे दाखवले.

मग हे औषध दमा थोपवेल का? १९९३ मध्ये अमेरिकेतील ताहिर अहमद आणि सहकाऱ्यांनी व्यायामाने दमा होणाऱ्या १२ जणांना व्यायामाआधी हेपारिन श्वासातून दिले. वेगळ्या दिवशी क्रोमोग्लायकेट हे जुने औषध आणि औषध नसलेला फवाराही दिला. हेपारिनने नळ्यांचे आकसणे रोखले. पण थेट हिस्टामिन हुंगवले, तेव्हा ते रोखू शकले नाही. म्हणजे हेपारिन नळ्या रुंदावत नाही. बहुधा मास्ट पेशींना द्रव्ये सोडण्यापासून अडवते. १९९९ मध्ये याच गटाने एनॉक्सापॅरिन या लहान रेणूंच्या हेपारिनचाही उपयोग दाखवला.

तरीही आज तुमच्या चिठ्ठीवर हेपारिनचा पंप नसतो. मूठभर रुग्णांवरील प्रयोगातून आजाराची यंत्रणा उलगडते, पण नेहमीचा उपचार ठरत नाही. त्यातच सोपी, पारखलेली औषधे हाताशी आहेत.

म्हणून इंजेक्शनचे हेपारिन घरच्या नेब्युलायझरमध्ये घालू नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर तिने दमाही आवरेल असे समजू नका, आणि ती मनाने बंदही करू नका. धावण्याआधी हळूहळू अंग गरम करा, नाकातोंडावर रुमाल बांधा, डॉक्टरांनी दिलेला पंप सांगितल्याप्रमाणे घ्या. धावणे मात्र सोडू नका.