पाळी आणि पात्रता

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा राजरस्ता ठाणे मागे टाकून भिवंडीच्या अंगावरून कसाऱ्याच्या घाटाकडे जातो. शहरात यंत्रमागांचा कापडधंदा आणि भोवतालच्या गावांत मालाची विस्तीर्ण गुदामे. त्यामुळे या रस्त्यावर मालमोटारींची रहदारी अहोरात्र चालू असते. अशा ठिकाणी एखाद्या भरलेल्या मालमोटारीचा आस तुटला, म्हणजे तिच्या मालकाबरोबर मागे खोळंबलेल्या शेकडो जणांचे काम अडते. गाडी तत्काळ हलवलीच पाहिजे. परंतु त्यासाठी पोलिसाने कोणत्या क्रेनवाल्याला बोलवावे? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. अडलेल्या चालकाला घासाघीस करण्याची सवड नसते. ज्याला बोलावणे येईल त्याला काम मिळते. आणि बोलावणे एकाच माणसाच्या हाती असले, म्हणजे तेथे मर्जीचा बाजार भरण्यास वेळ लागत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमाने बेवारस सोडलेली, मनाई असलेल्या जागी उभी केलेली किंवा मोडून रहदारीस धोका करणारी गाडी ओढून नेण्याचा हुकूम देण्याचा अधिकार पोलिसास दिला आहे. ओढून नेण्याचा खर्च मालकाने सोसावा, हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे निवड एकाची आणि पैसे दुसऱ्याचे. ओढून नेणाऱ्याच्या अंगी कोणती पात्रता असावी, याविषयी मात्र ते कलम मौन धरते.

सरकारी काम पाळीने वाटून देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हे. पाटीलकीचे वतन अनेक भाऊबंदांत विभागलेले असे आणि प्रत्येक तक्षिमेची चाकरी पाळीने चाले. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावच्या बंदोबस्ताचा भार पोलीस पाटलावर टाकला, आणि १८७४ च्या वतन कायद्याने प्रतिनिधी वतनदारांची नोंद ठेवण्याची रीत घालून दिली. त्या व्यवस्थेत पाळी होती, नोंदही होती. परंतु नोंदीत नाव येण्यास जन्म पुरेसा असे. पुढे १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपुष्टात आली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्यानंतर पोलीस पाटलाच्या नेमणुकीस वय, शिक्षण, रहिवास व वर्तन यांच्या अटी लागू झाल्या. जन्माची जागा पात्रतेने घेतली.

मोटारी ओढण्याच्या धंद्यात पाळी आणि पात्रता यांची सांगड अमेरिकेत घातली गेली. तेथील टेनेसी प्रांतात चॅटनूगा नावाचे शहर आहे. १९१६ साली तेथे एक मोटार ओढ्यात पडली व ती वर काढताना अनेक माणसांची दमछाक झाली. तो प्रकार पाहून अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने मोटारीवरच खांब, कप्पी व साखळी बसवून मोटार ओढणारी मोटार तयार केली. धंदा वाढला तशी स्पर्धाही वाढली. तेव्हा अनेक शहरांच्या पोलिसांनी क्रेनवाल्यांच्या याद्या केल्या. पहिले बोलावणे पहिल्याला, दुसरे दुसऱ्याला. काम मिळाले की नाव यादीच्या तळाशी जावे, अशी ही रीत आहे.

परंतु यादीत नाव येण्यापूर्वी परीक्षा द्यावी लागते. कॅलिफोर्नियाचे महामार्ग पोलीस क्रेनवाल्यांशी लेखी करार करतात. ओढगाड्यांचे त्यांच्या वजनाप्रमाणे वर्ग पाडलेले असतात, म्हणजे लहान गाडीवाल्यास अवजड मालमोटारीचे बोलावणे जात नाही. गाड्यांची तपासणी होते, विमा पाहिला जातो, चालकांची पूर्वपीठिका धुंडाळली जाते; उचललेली गाडी सुरक्षित ठेवण्यास कुंपणाची जागा लागते आणि दर आगाऊ कळवावे लागतात. बोलावल्यावर ठरल्या वेळेत न पोहोचल्यास पाळी हुकते. वाहनमालकाला स्वतःचा ओळखीचा क्रेनवाला सामान्यतः बोलावता येतो. ज्याला कोणीच ठाऊक नाही, त्याच्यासाठी ही यादी असते.

एवढा बंदोबस्त असूनही यादीची चावी अखेर माणसाच्याच हाती राहते. शिकागोजवळच्या नॉर्थलेक गावच्या यादीत ओहेअर ट्रक सर्व्हिस ही संस्था १९६५ पासून होती. मालकाने नगराध्यक्षाच्या निवडणुकीस वर्गणी नाकारली व विरोधी उमेदवाराची जाहिरात लावली, म्हणून नाव यादीतून काढले, अशी तिची तक्रार होती. खालच्या न्यायालयांनी ती फेटाळली. परंतु १९९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले की, अशा कंत्राटदारासही राजकीय मताचे स्वातंत्र्य आहे, आणि त्या मतापायी त्याचे काम काढून घेता येत नाही.

हेच तत्त्व मुंबईच्या एका खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सतरा वर्षे आधी दुसऱ्या वाटेने मांडले होते. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहासाठी निविदा मागवताना पाच वर्षांच्या अनुभवाची अट घातली होती. ठेका मात्र ती अट न पुरवणाऱ्यास दिला गेला. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिले की, सरकारी संस्थेने पात्रतेचे जे माप स्वतः ठरवले, ते तिलाही बंधनकारक आहे. तक्रार उशिरा आल्यामुळे अर्जदाराला यश मिळाले नाही. तत्त्व मात्र कायम झाले.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष उघड आहे. नुसती पाळी असेल तर अयोग्यासही काम मिळते. नुसती पात्रता असेल तर तिचा अर्थ अधिकारी आपल्या सोयीने लावतो. अटी आगाऊ लिहिलेल्या, दर जाहीर आणि पाळी न मोडणारी, असा तिन्हींचा मेळ बसला तरच यादी न्यायाचे साधन होते. भिवंडीच्या रस्त्यावर मध्यरात्री बंद पडलेल्या मालमोटारीशेजारी उभ्या असलेल्या परप्रांतीय चालकाला त्या गावात ना नातेवाईक असतो, ना ओळख. त्याच्यासाठी भांडणारे तेथे कोणीच नसते. त्याची बाजू तो लिहिलेला कागदच घेऊ शकतो.