बुद्धीचे माप आणि भाषेचा उंबरठा

मराठी शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला एकाच अक्षराचे नाव आहे: 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत इतर अक्षरांची रूपे पालटली, 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. उपपत्ती खरी असो वा नसो, शिक्का खरा आहे. एकदा कपाळी बसला की मुलगा स्वतः बाप झाला तरी तो पुसत नाही. असा शिक्का मारण्याचे शास्त्र कसे निर्माण झाले आणि त्याविरुद्ध कोणी दाद मागितली, हा इतिहास प्रत्येक पालकाने जाणून घ्यावा असा आहे.

त्याचा आरंभ मात्र सद्हेतूने झाला. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक आयोग नेमला. सर्वसाधारण वर्गात ज्या मुलांची प्रगती होत नाही त्यांना हुडकून त्यांच्यासाठी वेगळ्या अध्यापनाची सोय करावी, हा त्याचा उद्देश. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमोन यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारी तीस प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. बिने यांच्या दृष्टीने ही कसोटी म्हणजे वैद्याने नाडी पाहावी तशी होती. नाडी पाहायची ती उपचारासाठी. बुद्धी ही जन्मजात ठरलेली, न वाढणारी राशी आहे, या मताचा त्यांनी १९०९ साली आपल्या ग्रंथात स्पष्ट निषेध केला. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी बुद्धीचा भागाकार मांडला आणि १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या कसोटीची सुधारित आवृत्ती काढून 'बुद्ध्यंक' रूढ केला. नाडीपरीक्षेचे रूपांतर न्यायनिवाड्यात झाले.

या निवाड्याचे सर्वांत कठोर रूप न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर दिसले. युरोपातून पोटासाठी आलेले लक्षावधी लोक तेथे उतरत. 'मतिमंद' ठरलेल्याला कायद्याने परत धाडले जाई. १९१३ च्या सुमारास हेन्री गॉडर्ड यांच्या साहाय्यकांनी तेथे बिने यांच्या कसोट्या दुभाष्यामार्फत काही निवडक प्रवाशांना दिल्या. इटली, हंगेरी, रशिया येथून आलेल्या आणि ज्यू प्रवाशांच्या या लहान गटांत सुमारे ८० टक्के लोक मंदबुद्धी निघाले, असा निष्कर्ष त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केला! ज्याने शाळा पाहिली नाही, हाती लेखणी धरली नाही, जो कित्येक दिवस जहाजाच्या तळाशी कोंडून आला, त्याला परक्या भाषेतून प्रश्न विचारले तर दुसरे काय निघणार?

त्याच बेटावर हॉवर्ड नॉक्स नावाचे एक सरकारी डॉक्टर होते. भाषेच्या आधाराने घेतलेली परीक्षा या लोकांवर अन्याय करते, हे त्यांनी ओळखले. त्यांनी चार लाकडी ठोकळे ओळीने मांडले. पाचव्या ठोकळ्याने त्यांवर ठराविक क्रमाने टिचक्या मारायच्या आणि समोरच्याने तोच क्रम करून दाखवायचा, अशी ती परीक्षा. लाकडी तुकडे जुळवून चित्र पूर्ण करण्याच्या कसोट्याही त्यांनी वापरल्या. काय करायचे ते खुणांनी सांगता येई. भाषा बाजूला सारताच, जो 'मंद' वाटला त्याच्या हातांत आणि डोळ्यांत समज आहे, हे दिसण्याची वाट मोकळी झाली.

नॉक्स यांनी व्यवहारात जे ओळखले, त्याला व्यापक सैद्धांतिक रूप १९८३ साली हार्वर्डचे हॉवर्ड गार्डनर यांनी 'फ्रेम्स ऑफ माइंड' या ग्रंथात दिले. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा त्यांनी बॉस्टन येथे अभ्यास केला होता. वाचा गेलेला रुग्ण गाऊ शकतो, हे अशा रुग्णांमध्ये आढळते. मग बुद्धी एकच कशी? भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, शारीरिक, अवकाशीय, इतरांना जाणण्याची आणि स्वतःला जाणण्याची अशा सात बुद्धी त्यांनी मांडल्या. पुढे निसर्ग जाणण्याची आठवी जोडली. ग्रंथ मानसशास्त्रज्ञांसाठी होता, पण त्याला उचलून धरले ते शिक्षकांनी.

त्याचे कारण उघड आहे. चांगला शिक्षक हे आधीपासून जाणत होता, विशेषतः भाषेचा शिक्षक. मोरावियाचे कोमेनियस यांनी १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले. त्यात लॅटिन आणि जर्मन शब्दांशेजारी वस्तूंची चित्रे होती आणि मुळाक्षरे पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून शिकवली होती. डोळा आणि कान यांच्या वाटेने भाषा आत जाते, ही त्यांची श्रद्धा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जेम्स ॲशर यांनी परकी भाषा आज्ञांतून शिकवली: ऊठ, दार उघड, पुस्तक टेबलावर ठेव. विद्यार्थी प्रथम बोलत नाही, करतो. बोलणे मागाहून येते, जसे ते तान्ह्या मुलालाही मागाहूनच येते.

याचे उत्तम उदाहरण शोधायला मात्र परदेशी जाण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम केले. वारली मूल शाळेत येत नसे, कारण त्याला गुरे राखायची असत, धाकटे भावंड सांभाळायचे असे. ताराबाईंनी मुलाला दोष दिला नाही. शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. पाने, बिया, शंख-शिंपले हे शैक्षणिक साहित्य झाले. गाणे आणि नाच हे पाठ झाले. गार्डनर यांचा ग्रंथ येण्यापूर्वी पाव शतक ही मुले निसर्ग, ताल आणि हात यांच्या वाटेने अक्षरांपर्यंत पोहोचत होती.

येथे एक सावधगिरी हवी. बुद्धी परस्परांपासून इतक्या स्वतंत्र असतात याला प्रयोगांचा भक्कम आधार नाही, असा अनेक मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'हा चित्रांतूनच शिकतो, ती ऐकूनच शिकते' अशी मुलांची वाटणी करण्याला खुद्द गार्डनर यांनीही विरोध केला आहे. 'ढ' पुसून तेथे 'हातानेच शिकणारा' असे लिहिले, तर शिक्का तेवढा बदलला. बिने यांच्या साधनाचे जे झाले ते या विचाराचे होऊ नये. मुद्दा मुलाला एका दाराशी बांधण्याचा नाही. एकच धडा अनेक दारांनी सर्वांपुढे ठेवण्याचा आहे.

आपल्या वसईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्या घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, शाळेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी. घरी आजीला गोष्ट सांगताना ज्याची जीभ अडखळत नाही, विहीर, वाडी, केळीचा लोंगर यांविषयी ज्याच्यापाशी शब्दांचे भांडार आहे, तेच मूल वर्गात मुके होते. ते मुके नसते. त्याच्या भाषेला उंबरठ्याबाहेर चपलांजवळ ठेवलेले असते. शिक्षकाने घरचा शब्द आधी विचारला आणि मग शाळेचा शब्द दिला, धडा नुसता वाचून न घेता करून, गाऊन, काढून घेतला, तर तो उंबरठा ओलांडणे सोपे जाते. हे धर्मशिक्षणाच्या वर्गालाही लागू आहे.

तेव्हा प्रगतिपुस्तकावर लाल शाई दिसली, तर मुलावर आवाज चढवण्यापूर्वी पालकांनी एवढे तपासून पाहावे: त्याला उत्तर येत नव्हते, की प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता? तोच प्रश्न घरच्या बोलीत विचारावा, जमिनीवर खडे मांडून विचारावा. एलिस बेटावरच्या एका डॉक्टराला त्यासाठी पाच ठोकळे पुरले होते.